माहेरचा शब्द

९ एप्रिल. जूनच्या गणवेशांचं कापड पाण्यातून काढायचं होतं.

जळगावला माझं शाळेचे गणवेश शिवण्याचं काम आहे. तीन बायका हाताखाली आहेत. सुती कापड आधी भिजवून, आटवून घेतलं नाही तर पहिल्या धुण्यातच शर्ट पोटावर येतो आणि पालक भांडायला येतात. म्हणून हे काम मी कोणावर सोपवत नाही. मी गच्चीवर निळ्या चौकड्याचं कापड पसरत होते, तेव्हा धुळ्याहून फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीच्या जेठांचा, म्हणजे मोठ्या दिरांचा. त्यांना सगळेच नाना म्हणतात. धान्याचे व्यापारी, कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी माझी तब्येत विचारली, ऊन फार आहे म्हणाले, आणि मग म्हणाले, "तुमच्या बहिणीला जरा दवाखान्यात आणलंय. सवडीनं या."

सवडीनं या म्हणजे आत्ता निघा. आमच्याकडे वाईट बातमी अशीच देतात. ऐकणाऱ्यानं स्वतः ओळखायची असते, म्हणजे सांगणाऱ्यावर काही येत नाही.

बहिणीची मुलगी कॉलेजसाठी माझ्याकडेच राहते. तिला वर्गातून बोलावलं, ओळखीच्या माणसाची गाडी घेतली आणि निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. पोरीनं वाटेत बापाला फोन केला. तो फक्त "ये" म्हणाला. ती मला म्हणाली, "मावशी, पप्पा एवढ्या हळू कधीच बोलत नाहीत." मी म्हटलं, पाणी पी.

बहीण सकाळी मागच्या अंगणात कपडे धूत होती. डोकं दुखतंय म्हणाली आणि तिथेच पडली. रक्तदाबाची गोळी तिला दोन वर्षं चालू होती. घेतलीस का विचारलं की "हो" म्हणायची. घरी कपाटात अर्धी भरलेली पाकिटं निघाली, ती नंतर. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत मोठा रक्तस्राव झालाय, ऑपरेशन करण्यासारखं काही उरलेलं नाही. नळी घातलेली होती. मशीन हवा आत ढकलत होतं आणि तिची छाती वरखाली होत होती. गालावर रंग होता. मी माणसं गेलेली पाहिली आहेत, वडिलांना तर मीच अंघोळ घातली. पण हे तसं दिसत नव्हतं, हे मला कबूल करावं लागेल.

तिचा नवरा बाहेर बाकावर बसला होता. बोअरच्या मोटारी दुरुस्त करतो. हातावरचं ग्रीस तसंच होतं. मला पाहून उभा राहिला आणि परत बसला.

शिंदखेड्याजवळ आमचं गाव. तिथे माझा भाऊ आणि माय असतात. मायचं वय झालंय, पण कान आणि जीभ शाबूत आहेत. नानांनी भावाला फोनवर खरं सांगितलं होतं. भाऊ मला म्हणाला, "अक्का, मी मायला उद्या घेऊन येतो. चक्कर आली एवढंच सांगितलंय. वाटेत काही झालं तर मी एकटा काय करू?" मला ते पटलं. कोणालाही पटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या पथकानं तपासण्या केल्या. डोळ्यांत प्रकाश टाकला, कानात गार पाणी सोडलं, घसा चाळवून पाहिला. शेवटी मशीनची हवा थांबवून, नुसता प्राणवायू नळीतून सोडून, छाती आपणहून हलते का ते पाहिलं. हलली नाही. डॉक्टरीण बाईंनी आम्हाला खोलीत बसवून नीट सांगितलं. मेंदू पूर्ण थांबलाय. याला मृत्यूच म्हणतात. संध्याकाळी हीच तपासणी कायद्याप्रमाणे पुन्हा करायची. हृदय औषधांवर चाललंय, ते फार दिवस चालणार नाही.

नवरा ऐकत होता की नाही, कोण जाणे. पोर मात्र ऐकत होती. तिनं विचारलं, "मग आईचं बाकी सगळं चांगलं आहे का?"

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "मूत्रपिंडं चांगली आहेत. यकृतही."

"मग ते देता येतं ना कोणाला?"

तिच्या मैत्रिणीचे वडील डायलिसिसवर आहेत. मैत्रीण कधीकधी आमच्याकडे जेवायला असते आणि ताटावरून उठून फोनवर त्यांची चौकशी करते. पोरीच्या डोक्यात ते असणार. पण तिनं तसं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "जाळून काय उपयोग?" तिचा बाप तेव्हा पहिल्यांदा वर पाहू लागला.

मग अवयवदानाचं काम पाहणारी समन्वयक बाई आली. तिनं घाई केली नाही, गोडही बोलली नाही, ते मला बरं वाटलं. ती म्हणाली, कायद्यानं नवऱ्याची सही चालते. पण घरात दोन मतं असली तर आम्ही पुढे जात नाही. सगळ्यांशी बोला. होकार आला तर नाशिकहून पथक बोलवावं लागेल. तुमच्या पेशंटचा रक्तदाब मध्येमध्ये खाली जातोय, म्हणून ठरवायचं ते आजच ठरवा.

इथून पुढे जे झालं ते कोणाच्या वाईटपणामुळे झालं नाही. तेच मला अजून पचत नाही.

मी पाव्हण्यांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, नाना सांगतील. नानांना विचारलं. नाना हात जोडून म्हणाले, "आमची ना नाही. पण सून गेली तर माहेरचा शब्द पहिला. ते आल्याशिवाय आम्ही पदराला हात लावत नाही. हे तर फार मोठं आहे."

खरं आहे. आमच्यात बाई गेली तर माहेरची माणसं येईपर्यंत तिला हलवत नाहीत. भाऊ साडी आणतो, ती नेसवतात, मग उचलतात. त्यामागे कारण आहे. माहेरच्यांनी अंग पाहावं, मारलं-जाळलं नाही ना याची खात्री करावी. नानांच्या घरानं माझ्या बहिणीला कधी टाकून बोललेलंही नव्हतं, तरी नाना नियम पाळत होते.

मी म्हटलं, "नाना, मी माहेरचीच आहे."

"तुम्ही आहातच अक्का. पण जन्म दिलेली माय आहे, भाऊ आहे. उद्या त्यांनी विचारलं, आम्हाला न विचारता फाडली, तर मी तोंड कुठे लपवू?"

भावाला फोन लावला. ते गावाहून निघायच्या तयारीत होते. माय ऐकेल म्हणून तो अंगणाच्या टोकाला जाऊन बोलत होता. त्याचीही ना नव्हती. पण तो म्हणाला, "दाजी म्हणतील तसं. जावयाच्या पुढे आपण कसं बोलायचं? आपण हो म्हटलं आणि त्यांच्या मनात नसलं तर?"

मी पुन्हा पाव्हण्यांकडे गेले. ते म्हणाले, तुमच्याकडचे म्हणतील तसं.

मला आयुष्यात राग आला आहे तो आळशी माणसांचा. मानपान करणाऱ्यांचा इतका राग त्या दिवशी पहिल्यांदा आला. सगळ्यांना द्यायचं होतं, पण ‘द्या’ हा शब्द कोणालाच आपल्या तोंडून काढायचा नव्हता. एकमेकांना मान देत सगळे बसले होते आणि आत नर्स औषधाचा पंप वाढवत होती. शेवटी मी नाना आणि पाव्हणे यांना एकत्र उभं केलं, फोन स्पीकरवर टाकला आणि भावाला म्हटलं, हे ऐकताहेत, बोल. तो गडबडला, पण म्हणाला, "दाजी, ताईचं काही कोणाच्या कामी आलं तर आमचं काही म्हणणं नाही." पाव्हण्यांनी मान हलवली. नाना म्हणाले, मग फक्त आईंच्या कानावर घाला. त्यांनी मान हलवली की झालं.

पोरीनं माझा हात धरला. ती दोन दिवसांत तेव्हा पहिल्यांदा जेवली. कॅन्टीनमध्ये अर्धी पोळी.

भाऊ आणि माय दुपारी उतरले. मायच्या हातात कापडी पिशवी होती. तिच्यात मुगाची डाळ, घरचं तूप आणि लिंबं. आजारी लेकीला मऊ भात आणि वरण करून घालायचं म्हणून आणलेलं. साडी नव्हती. असणार कशी?

भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, वाटेत मायनं जीव खाल्ला. बोलते का, खाते का, उठून बसते का. धुळं जवळ आल्यावर तर रडायलाच लागली. मग मी सांगितलं, बरी आहे, सकाळी चहा प्याली. मग ती गप्प बसली.

"आता तूच सांग तिला," मी म्हटलं.

"अक्का, तू सांग."

मला वाटलं होतं, बाहेर बसवून आधी सांगावं आणि मग आत न्यावं. पण माय थांबली नाही. नर्सनं अडवलं तर म्हणाली, मी तिची माय आहे, आणि आत शिरली. बहिणीचा हात हातात घेतला. हात गरम होता. माय माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाली, "झोपेल शे."

शे म्हणजे आहे; आमच्या घरात मायशी अहिराणीतच बोलतात. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "माय, ती गई. हाई मशीन हवा भरी राहिनं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही घाणेरडं बोलले.

"मरेल माणूसनी छाती हालस का?"

डॉक्टरीण बाई आल्या. त्यांनी मराठीत, अगदी साध्या शब्दांत सांगितलं. मायनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, सकाळी तर हिनं चहा प्याला. सकाळी चहा प्याली ती बाई दुपारी मेलेली कशी? मग मध्ये काय झालं? तुम्ही काय केलं?

डॉक्टरीण बाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी भावाकडे. तो पुढे आला, मायच्या पायाशी बसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला की मी खोटं बोललो. ती कालपासून अशीच आहे. चहा नाही, काही नाही. तुला त्रास होऊ नये म्हणून मी म्हटलं.

माय म्हणाली, "आते बी खोटंच बोली राहिना तू."

ज्यानं एकदा दयेपोटी फसवलं, त्यानं दुसऱ्यांदा खरं सांगितलं हे कशावरून धरायचं? आम्ही सगळेच तिच्या हिशोबी एका बाजूला गेलो होतो. काल आलेली मी, नाना, जावई, डॉक्टर, आणि आता पोटचा मुलगाही. ती एकटी दुसऱ्या बाजूला, लेकीचा गरम हात धरून.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आजी, संध्याकाळी पुन्हा तपासणी आहे. तुम्ही समोर उभ्या राहा. आम्ही मशीनची हवा थांबवू, ती स्वतः श्वास घेते का ते तुम्हीच पाहा. यापेक्षा जास्त कोणी काय करणार? पण मायला त्यात एवढंच ऐकू आलं की हे मशीन बंद करणार. ती पलंगाचा कठडा धरून उभी राहिली.

"मशीनले हात लावू नका. मना जीव ल्या आधी."

पोर इतका वेळ भिंतीशी होती. ती पुढे आली. आजीची ती लाडकी. दर दिवाळीला आजी तिला कुशीत घेऊन झोपायची. ती म्हणाली, "आजी, मी सकाळी पाहिलं. थांबवलं होतं मशीन. आईनं श्वास नाही घेतला. मी काचेतून पाहिलं." मग अवयवांचं तिनं स्वतःच सांगितलं. कोणालाही विचारलं नाही. आईचं यकृत, आईची मूत्रपिंडं, दोन-तीन घरांत माणसं जगतील.

सगळं ऐकून झाल्यावर माय पोरीला म्हणाली, "तुले माय जड व्हई गई का?"

पोर उलट्या पावलांनी बाहेर गेली.

नानांनी मला बाहेर बोलावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, आईंचा तळतळाट घेऊन असलं पुण्य नको. पाव्हणे म्हणाले, राहू द्या. समन्वयक बाईला मीच सांगितलं. तिनं काही समजावलं नाही. उद्या कोणाचं मन बदललं तर कळवा म्हणाली आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून गेली. संध्याकाळची तपासणीही झाली नाही. माय कठड्यापासून हललीच नाही, आणि आता त्या तपासणीचा उपयोगही नव्हता.

मी त्या दिवशी पाव्हण्यांना म्हणूनही पाहिलं, की सही करा, मी मायला सांभाळते. कायदा तेवढ्यावर चालला असता असं मला वाटलं होतं. पण घरात दोन मतं आहेत हे डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते काही पुढे गेले नसते, आणि बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर आल्यावर बहिणीचं हृदय थांबलं. औषध वाढवूनही थांबलं. माय तेव्हा शेजारीच होती. तिनं पडद्यावरची रेघ पाहिली नाही, हात गार पडत गेलेला पाहिला. मग तिचा विश्वास बसला. ती ओरडली नाही. "आते गई," म्हणाली.

मला डोळे आठवले. हृदय थांबल्यावरही काही तास डोळे देता येतात, हे समन्वयक बाईनं सांगितलं होतं. माय आता अडवणार नव्हती. मी जिन्यात बसलेल्या पोरीकडे गेले आणि म्हटलं, डोळे अजून देता येतील, मी आत्ता सगळ्यांना हो म्हणायला लावते.

ती म्हणाली, "नको, मावशी. आता मला कोणाला काही विचारायचं नाही."

"विचारायचं नाही, मी सांगते."

"नको म्हटलं ना. घेऊन जा तिला. साडी नेसवा."

साडी आणायला मी आणि भाऊ बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, लग्नाची दाखवू का? भाऊ रस्त्याकडे पाहत राहिला. मी हिरवी, कमी जरीची निवडली. सवाष्ण गेली होती. ब्लाउज मीच घातला. पाठीमागून उभा चिरावा लागतो, नाहीतर हात वाकत नाहीत. मी चांगलं शिवलेलं कापड फाडायला कधी तयार नसते. तो मीच शिवलेला होता, मागच्या दिवाळीत. उसवला नाही, कात्रीनं सरळ कापला. तिच्या अंगावर, पोटावर, कमरेवर कुठे टाका नव्हता. त्याआधी अंघोळ घालताना नात्यातली एक बाई म्हणाली, जशी दिली तशी गेली, अख्खी. तिनं चांगल्या मनानं म्हटलं. मी तिला पाणी ओतायला सांगितलं.

अंत्यविधी संध्याकाळी झाला. पोर बापाजवळ बसून राहिली. माय तिच्याजवळ गेली तेव्हा ती उठून आत गेली. हे सगळ्यांनी पाहिलं. माहेरची माणसं त्या घरी रात्री थांबत नाहीत, तेवढा आधार झाला. भावानं मायला आणि मला गाडीत घातलं आणि आम्ही गावी आलो. भाऊ दोनदा माझ्याकडे पाहून काही म्हणणार होता. मी काचेबाहेर पाहत राहिले. त्याला बरं वाटेल असं माझ्यापाशी काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मायला अंघोळ घालून ओट्यावर बसवलं. गल्लीतल्या बायका येऊन बसल्या, उठल्या. त्या गेल्यावर माय बराच वेळ आपला उजवा हात मांडीवर उलटा-सुलटा करत होती. मग म्हणाली, "मी हात धरा, तवय ती गयेल व्हती का?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. आमच्या घरात ते पुरेसं झालं होतं. मी म्हटलं, "हो, माय."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "मंग त्या पोरले कोन सांगी? माले समजनं नही, आसं?"

मी उठून आत गेले आणि पोरीला फोन लावला. तिनं उचलला. आजी जे म्हणाली ते मी जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे बायकांचं रडणं ऐकू येत होतं, कोणीतरी नवीन आलं असावं. पोर म्हणाली, "आता समजलं का तिला." विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मग म्हणाली, "मावशी, मला तिच्याशी कधीच बोलायचं नाहीये. तू परत तिच्यासाठी फोन करू नको."

मी बाहेर आले. माय माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"फोन लागत नही," मी म्हटलं, आणि रात्रीची भांडी घेऊन मोरीशी बसले.